चिठ्ठीवर वेळ लिहायला लावणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, न्यूरॉलॉजीच्या डीएमची आणखी तीन, वर मेंदूचे स्कॅन वाचण्याचा अभ्यास. एवढं शिकून तुम्ही खानापूर, निपाणी, अथणीकडच्या सिस्टरना नि टेक्निशियनना चिठ्ठी कशी लिहायची ते शिकवत बसलात. त्याबद्दल हे पत्र.

'सीटी ब्रेन' एवढंच खरडून पेशंट बेळगावला धाडण्याची आपल्याकडची रीत. अंगावरून वारं गेलं म्हणून कुणाला आणलं की तुम्ही आधी रक्तातली साखर तपासायला लावलीत, कारण ती फार उतरली तरी एक बाजू लुळी पडते. मग वेळ. घरचे सांगतात ती पेशंट पडलेला दिसल्याची. तुम्हाला हवी असते तो शेवटचा धडधाकट दिसला ती. पहाटे हात उचलेना झाला, तर मोजणी रात्री निजल्यापासून. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन एरवी साडेचार तासांच्या आतच देतात, आणि पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडून येणाऱ्याचा त्यातला बराच वेळ रस्ताच खातो. वजनही अंदाजाने लिहून चालत नाही: अल्टेप्लेज, म्हणजे हेच इंजेक्शन, किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90. दहावा हिस्सा एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. रक्तदाब 185/110 च्या वर असेल तर आधी तो उतरवायचा.

सगळ्यात मोठा घोळ 'नॉर्मल' या रिपोर्टचा. पहिल्या काही तासांत साधा सीटी पुष्कळदा स्वच्छच दिसतो. तो काढायचा रक्तस्राव नाही ना, हे बघायला. मेंदूचा झटका (पक्षाघात) नाही असा त्याचा अर्थ नव्हे. रिपोर्ट चांगला आला म्हणून पेशंट घरी न्यायला निघालेल्यांना हे पटवणं औषध देण्याहून अवघड! एमआरआयच्या डिफ्यूजन नावाच्या चित्रावर नवा झटका लवकर पांढरा उमटतो, पण तीच जागा त्याच्या जोडीच्या एडीसी चित्रावर काळी हवी. नाहीतर ती जुन्या डागाची चकाकी असू शकते.

आकडीच्या पेशंटच्या मेंदूतली कडीसारखी गाठ कॉन्ट्रास्ट (स्कॅन उजळवणारं, शिरेतून द्यायचं औषध) दिल्यावर उठून दिसते. 20 मिलिमीटरपेक्षा लहान आणि आत ठिपका असेल तर बहुधा मेंदूत शिरलेल्या जंताची. मोठी, वेडीवाकडी असेल तर टीबीचा संशय. गाठी पुष्कळ नि सूज फार असेल तर जंताच्या गोळ्यांची घाई नको, जंत मरताना सूज वाढते.

तुमच्या चिठ्ठीचा नमुना आता मराठी-कन्नड दोन्हीत छापलाय. त्यात एक रकाना वाढवलाय: रक्त पातळ करायची गोळी कुठली, आणि शेवटची कधी घेतली.

आपले,
सीमाभागातले सिस्टर आणि टेक्निशियन