फिकट अक्षरांना ट्रेंड म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वेब डिझाइनमधल्या नव्या ट्रेंडवर आलेला लेख आवडीने वाचला. या विषयाला वर्तमानपत्रात जागा मिळाली याचाच आनंद झाला, कारण गेली चौदा वर्षं मी हेच काम करते. लेखातल्या ट्रेंडच्या यादीत ‘मृदू, फिकट रंगसंगती’चं कौतुक होतं आणि शेवटी नवोदितांना सल्ला होता की रोज डिझाइनच्या गॅलऱ्या, म्हणजे देखण्या वेबसाइटींची चित्रं मांडून ठेवणाऱ्या साइटी बघा, तिथून प्रेरणा घ्या. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून हे पत्र.

गॅलरीत वेबसाइट बघणारा बहुधा डिझायनरच असतो. त्याच्यासमोर मोठी, उजळ स्क्रीन असते आणि तो एका चित्रावर फार तर काही सेकंद थांबतो. मजकूर तो वाचत नाही. अनेकदा तिथे खरा मजकूर नसतोच, जागा भरायला टाकलेली निरर्थक अक्षरं असतात. अशा वेळी पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं शांत आणि सुबक दिसतात. खरा वाचक मात्र काहीतरी काम घेऊन आलेला असतो. फॉर्मची मुदत आज संपणार असते, औषध जेवणाआधी की नंतर हे बघायचं असतं, हातात जुना फोन असतो आणि वर ऊन असतं. चाळिशी उलटलेली असेल तर जवळचं बारीक अक्षर तसंही अंधूक झालेलं असतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका आरोग्यसेवेची वेबसाइट मी केली. तपासणीला येण्यापूर्वीच्या सूचना मी बारीक, फिकट करड्या अक्षरांत ठेवल्या. मंजुरीच्या बैठकीत ते पान सगळ्यांना आवडलं. महिन्याभराने त्यांच्या मदतकेंद्रात एक दिवस बसून फोन ऐकले, तर माणसं पुन्हा पुन्हा एकच विचारत होती: उपाशीपोटी यायचं का? काही जण खाऊन आले होते आणि तपासणी न होता परत गेले होते. ती ओळ पानावर होती, तारखेच्या बरोबर खाली, मी निवडलेल्या रंगात. त्यांना ती दिसलीच नव्हती. रंग गडद केला, अक्षर मोठं केलं आणि ते फोन कमी झाले. त्या दिवसापासून रंग ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर ती माणसं असतात.

अक्षर किती गडद हवं, हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असं अनेकांना वाटतं. पण त्याला मोजमाप आहे. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांची २.० ही आवृत्ती २००८ साली आली. त्यात नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन्हींच्या उजळपणाचं गुणोत्तर, सांगितला आहे, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. हा साडेचार हवेतून आलेला नाही. चांगल्या नजरेसाठी आधीच्या मानकांत ३ : १ होतं. नजर २०/४० इतकी, म्हणजे चांगल्या नजरेला चाळीस फुटांवरून दिसणारं वीस फुटांवरून दिसेल इतकी, उतरली की त्याच्या दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो असा हिशेब केला गेला, आणि ऐंशीच्या आसपास वय असलेल्यांची नजर साधारण तेवढी असते. म्हणजे या आकड्यामागे आपल्या घरातले आजी-आजोबा आहेत. पांढऱ्यावर करडा रंग वापरायचाच असेल तर ७६७६७६ या कोडचा करडा जेमतेम पास होतो. डिझायनरांचा लाडका ९९९९९९ हा करडा तीनपर्यंतही पोचत नाही. दर वर्षी दहा लाख वेबसाइटींची मुखपृष्ठं तपासणारी एक पाहणी होते. तिच्यात सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच, अपुऱ्या कॉन्ट्रास्टचा, असतो, आणि सुमारे ८० टक्के पानांवर तो सापडतो. एवढ्या पानांवर असलेल्या दोषाला आपण ‘मृदू रंगसंगती’ म्हणून गौरवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाकीच्या ट्रेंडचंही थोडंफार असंच. २०२०च्या सुमारास पार्श्वभूमीतूनच उमटून आल्यासारखी दिसणारी, फक्त सावलीने ओळखू येणारी बटणं गॅलऱ्यांत सगळीकडे होती. ती सावली ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तिथे बटणच नव्हतं, आणि प्रत्यक्षात ती फारशी वापरात आलीही नाहीत. मग धूसर काचेसारखे थर आले. ॲपलने जून २०२५ मध्ये आपल्या स्क्रीनचं ‘लिक्विड ग्लास’ हे काचेसारखं नवं रूप जाहीर केलं तेव्हा त्यावरची अक्षरं वाचवत नाहीत अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या, आणि नंतरच्या एका अपडेटमध्ये पारदर्शकपणा कमी करण्याची सोय द्यावी लागली. स्क्रोल करताना सरकणाऱ्या, झेपावणाऱ्या चित्रांनी काही माणसांना खरोखरच चक्कर येते, मळमळतं. हालचाल कमी करा, असं वाचकाने आपल्या फोनमध्ये सांगून ठेवलं असेल तर ते वेबसाइटला कळण्याची सोय २०१७ पासून ब्राउझरमध्ये येऊ लागली. आपल्या कामात ती वापरणं हे काही ओळींचं काम आहे.

आणखी एक, आपल्या लिपीमुळे मला विशेष जाणवणारं. बहुतेक ट्रेंड रोमन लिपीत जन्मतात. शीर्षकातली अक्षरं एकमेकांपासून लांब लांब ठेवण्याची पद्धत तिथे शोभते. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषेचे तुकडे होतात. अरबीतही जोडलेली अक्षरं अशीच सुटतात. देवनागरीत ओळींमधलं अंतर रोमनइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

प्रेरणा घेऊच नये असं मी म्हणत नाही. माझ्या पेशातली सर्वांत उपयोगी कल्पना प्रेरणेतूनच आली. एकच पान फोनपासून मोठ्या स्क्रीनपर्यंत आपोआप जुळवून घेईल, ही रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची मांडणी वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये केली. माणसांच्या वावरानुसार बदलणाऱ्या वास्तूंचा विचार करणाऱ्या वास्तुरचनेच्या शाखेतून त्यांनी ती उचलली. वेबसाइटींची चित्रं बघत बसून ती सुचली नसती. नवोदितांना काही सुचवायचंच असेल तर मी म्हणेन, आपण केलेलं पान अनोळखी माणसाच्या हातात द्या आणि तो ते वापरत असताना गप्प बसून बघा. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने एकदा सगळं पान फिरून या. अक्षरं दुप्पट मोठी करा आणि काय मोडतं ते पाहा.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पुढच्या वेळी पुरवणीत देखण्या वेबसाइटी छापाल तेव्हा प्रत्येक चित्राखाली तिचा कॉन्ट्रास्टही छापावा. तो मोजणारी साधनं मोफत मिळतात आणि मिनिटभरही लागत नाही. दुसरी विनंती आपल्याच वेब आवृत्तीबद्दल आहे. तिथे बातमीखालची तारीख आणि छायाचित्रांच्या ओळी फार फिकट आहेत. माझे वडील रोज सकाळी तिथे बातम्या वाचतात आणि फोटोत कोण आहे हे मला विचारतात.

आपली,
एक वाचक आणि वेब डिझायनर