सूचना : तो, ती आणि क्रियापद

वाचनकट्ट्याच्या सर्व सभासदांना,

रविवारी आपल्या एका मैत्रिणीबद्दल, तिने 'मला ती म्हणा' असं दोनदा सांगूनही, "तो काय म्हणाला?" असंच चाललं होतं. मराठीत नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही, क्रियापदही सांभाळावं लागतं: आलास की आलीस, जातो की जाते. जीभ घसरते, मान्य. लगेच "म्हणाली" अशी दुरुस्ती करा आणि पुढे बोला. लांबलचक माफी नको, अशा माफीनेच जास्त अवघडायला होतं. माहीत नसेल तर सरळ विचारा, नाहीतर "तुम्ही कधी आलात?" आहेच, त्यात लिंग येतच नाही. आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच मान्य केलाय. चहाच्या वेळी "पण खरं काय?" ही कुजबुज मात्र बंद.

– संयोजक