आपला इन्स्टॉलर ‘शून्य’ सांगतो, पण सर्व्हर उभा नसतो

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक साहाय्य विभाग

विषय: कॉन्फिग फाइल (आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांची फाइल) देऊन केलेल्या सायलेंट, म्हणजे प्रश्न न विचारता होणाऱ्या, इन्स्टॉलचा खोटा निकाल मिळणे आणि लॉगमध्ये (इन्स्टॉलरच्या नोंदींच्या फाइलमध्ये) पासवर्ड उघडा राहणे याबाबत तक्रार

महोदय,

आम्ही आपल्या सर्व्हर सॉफ्टवेअरचे जुने परवानाधारक ग्राहक आहोत. नवी आवृत्ती आम्ही एका रात्रीत १४ सर्व्हरवर चढवली. त्या रात्री आणि पुढच्या आठवड्यात जे झाले ते सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या साहाय्य कक्षाकडून आतापर्यंत आलेली दोन्ही उत्तरे मूळ मुद्द्याला स्पर्शही करत नाहीत.

पद्धत आपल्याच पुस्तिकेतली होती. चाचणीच्या यंत्रावर विझार्ड, म्हणजे पानापानाने प्रश्न विचारणारा सेटअप, चालवला, शेवटच्या पानावर उत्तरे फाइलमध्ये जतन केली, प्रत्येक सर्व्हरसाठी त्या फाइलमध्ये आवश्यक ते बदल केले आणि सायलेंटचा फ्लॅग (आदेशासोबत द्यायची सूचना) देऊन सेटअप टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, चालवला. रात्रपाळीवर आमचा एक तरुण सहकारी होता. स्क्रिप्टने चौदाही सर्व्हरचा एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो निकालाचा आकडा, ० (यशस्वी) दाखवला. त्याने अहवालात ‘चौदापैकी चौदा यशस्वी’ असे लिहिले. समोर जे दिसत होते त्यावरून दुसरे काही लिहिण्याचे त्याला कारणच नव्हते.

सकाळी तीन सर्व्हरवर आपली सर्व्हिसच (पार्श्वभूमीवर सतत चालणारा प्रोग्राम) सापडली नाही. प्रोसेसच्या यादीत मात्र आपला इन्स्टॉलर अजून जिवंत होता. सीपीयूचा वापर शून्य, आणि लॉग एका अर्धवट ओळीवर तुटलेला. ती प्रोसेस बंद करून आम्ही तीच फाइल आणि तोच फ्लॅग घेऊन हाताने लॉगिन करून सेटअप पुन्हा चालवला, तेव्हा पडद्यावर एक खिडकी उघडली: ‘या यंत्राचे रीबूट बाकी आहे. पुढे जायचे का?’ म्हणजे रात्रभर आपला इन्स्टॉलर या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत बसला होता. ज्या कामाचे नावच सायलेंट आहे, त्यात त्याने प्रश्न विचारला, आणि तोही जिथे वाचायला कोणी नाही अशा ठिकाणी. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून सर्व्हिसेस आणि वापरकर्ता लॉगिन नसताना चालणारी कामे वेगळ्या सेशनमध्ये चालतात. तिथे उघडलेली खिडकी कोणाच्याही पडद्यावर येत नाही. सर्व्हरसाठी इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांना हे मी सांगायला नको. त्या तीन यंत्रांवर अपडेटनंतरचे रीबूट राहून गेले होते, ही आमची चूक, आणि ती मला मान्य आहे. पण सायलेंट फ्लॅग दिला असताना अशा वेळी काम न करता बाहेर पडणे आणि कारण सांगणारा एक वेगळा कोड देणे, एवढेच अपेक्षित असते.

मग शून्य आला कुठून? याचा शोध घेण्यात आमचा एक पूर्ण दिवस गेला. आपण देता ती सेटअप फाइल म्हणजे केवळ एक वेष्टन आहे. ती आतला खरा इन्स्टॉलर टेंप फोल्डरमध्ये उलगडते, त्याला सुरू करते आणि तो संपण्याची वाट न पाहता स्वतः ० देऊन निघून जाते. आमच्या नोंदीत बाहेरची प्रोसेस प्रत्येक सर्व्हरवर मिनिटभराच्या आतच संपलेली आहे, तर ज्या अकरा सर्व्हरवर काम पुरे झाले तिथे आतली त्यानंतर दहा-बारा मिनिटे चालू होती. म्हणजे त्या शून्याचा अर्थ ‘इन्स्टॉल झाले’ असा नसून ‘सुरुवात झाली’ एवढाच आहे. आतल्या इन्स्टॉलरचा खरा निकाल वेष्टनापर्यंत पोहोचतच नाही, मग वेष्टन आम्हाला काय देणार? विंडोज इन्स्टॉलरचे कोड कित्येक वर्षांपासून ठरलेले आहेत. ० म्हणजे यशस्वी, ३०१० म्हणजे यशस्वी पण रीबूट हवे, १६०३ म्हणजे गंभीर चूक होऊन काम थांबले. जगभरातल्या स्क्रिप्ट या तीन आकड्यांवर भरवसा ठेवून लिहिलेल्या असतात. आपण त्यातला पहिलाच आकडा निरर्थक करून टाकला आहे.

आता उरलेल्या अकरा सर्व्हरविषयी. तिथे सर्व्हिस चालू होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. चार दिवसांनी एका सर्व्हरची सी ड्राइव्ह भरली आणि सर्व्हिस बंद पडली. पाहतो तर सगळा डेटा सी ड्राइव्हवर होता. आम्ही तर फाइलमध्ये डी ड्राइव्हचा मार्ग दिला होता. चाचणीच्या यंत्रात एकच डिस्क असल्यामुळे तिथे डेटा फोल्डर डिफॉल्टच राहिला होता, आणि डिफॉल्ट राहिलेल्या गोष्टी आपला विझार्ड फाइलमध्ये लिहीतच नाही. म्हणून ती ओळ आम्ही आपली पुस्तिका बघून हाताने घातली. पुस्तिकेत त्या की-चे, म्हणजे फाइलमधल्या त्या सेटिंगचे, नाव दोन शब्द जोडून छापले आहे आणि नव्या इन्स्टॉलरला मध्ये अंडरस्कोर हवा असतो. हे आम्हाला कळले ते आतल्या इन्स्टॉलरचा डिफॉल्ट फाइलचा नमुना उघडून पाहिला तेव्हा. पुस्तिका मागे राहिली, ही गोष्ट मी समजू शकतो. पण ओळखता न आलेली ओळ इन्स्टॉलर मुकाट्याने सोडून देतो, हे मला समजत नाही. लॉगमध्ये इशाऱ्याची एक ओळसुद्धा नाही. विझार्डमध्ये चुकीचा मार्ग टाकला तर लाल अक्षरात लगेच सांगणारा हाच इन्स्टॉलर फाइलमधली चूक पाहून गप्प का बसतो?

चौथी बाब मला सर्वांत गंभीर वाटते. सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड आम्ही फाइलमध्ये ठेवला नव्हता, कमांड लाइनवरून दिला होता. आपला आतला इन्स्टॉलर मात्र लॉगच्या सुरुवातीलाच पूर्ण कमांड लाइन जशीच्या तशी लिहितो, पासवर्डसकट. हा लॉग आपल्याच फोल्डरमध्ये पडून राहतो आणि त्या यंत्रावर लॉगिन करू शकणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. याहून वाईट म्हणजे पहिल्या तक्रारीच्या वेळी आपल्या साहाय्य कक्षाने हेच लॉग ईमेलने मागवले आणि आम्ही विश्वासाने पाठवले. पासवर्ड त्यात होता हे पाठवल्यानंतर लक्षात आले. त्याच रात्री चौदाही सर्व्हरचे पासवर्ड आम्ही बदलले. ते लॉग आपल्याकडे आले तेव्हा आपल्यापैकी कोणीही ‘यात तुमचा पासवर्ड दिसतो आहे’ असे कळवले नाही. ते वाचले गेले असतील तर हे दिसायला हवे होते. आणि वाचलेच गेले नसतील, तर मागवले कशासाठी?

या सगळ्यावर आपले पहिले उत्तर होते, ‘विझार्डने इन्स्टॉल करून पाहा.’ दुसरे, ‘कॉन्फिग फाइल नीट तपासा.’ पहिल्या उत्तराचा अर्थ असा होतो की आपण जाहिरात केलेली सोय वापरूच नका. चौदा सर्व्हरवर चौदा वेळा तीच पाने भरायची, तर प्रत्येक वेळी एखादी खूण वेगळी पडते आणि महिन्यांनंतर कुठला सर्व्हर कसा बसवला हे कोणालाच सांगता येत नाही. कॉन्फिग फाइल आम्ही केवळ श्रम वाचवायला वापरत नाही. कोणता निर्णय घेतला होता याचा तो लेखी पुरावा असतो, म्हणून वापरतो. रेड हॅट लिनक्सचा इन्स्टॉलर ॲनाकोंडा काम संपल्यावर रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) होम फोल्डरमध्ये स्वतःहून अशी उत्तरांची ‘किकस्टार्ट’ फाइल ठेवून जातो, आणि पूर्णपणे कमांड लाइनवर चालवताना मध्येच एखादा प्रश्न उभा राहिला तर इन्स्टॉल थांबवतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप कॉन्फिग फाइल तयार करताना पासवर्ड तिच्यात लिहीत नाही, आणि सायलेंट चालवताना परवान्याच्या अटी मान्य असल्याचा फ्लॅग स्पष्टपणे मागतो. या गोष्टी कठीण नाहीत. आपल्यालाही जमतील.

आमचे मागणे असे आहे. बाहेरच्या सेटअपने आतला इन्स्टॉलर संपेपर्यंत थांबावे आणि त्याचाच कोड पुढे द्यावा. ही सुधारणा पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत न थांबता सध्याच्या आवृत्तीच्या दुरुस्तीत यावी. सायलेंट फ्लॅग असताना एकही खिडकी उघडू नये. ओळखता न आलेली की दिसली तर इन्स्टॉल सुरू होण्याआधीच ओळ क्रमांकासह नकार मिळावा. पासवर्ड लॉगमध्ये कधीही लिहिला जाऊ नये, आणि ही दुरुस्ती होईपर्यंत आपल्या सगळ्या ग्राहकांना तशी लेखी सूचना जावी, कारण हा धोका केवळ आमच्यापुरता नाही. पुस्तिकेतले की-चे नाव तर आजच दुरुस्त करता येईल. आम्ही पाठवलेले जुने लॉग आपल्या यंत्रणेतून पुसल्याचे लेखी कळवावे.

अजून एक विनंती, आणि ती मी आग्रहाने करतो. आमच्या बैठकीत त्या रात्रीच्या अहवालाचा दोष सहकाऱ्यावर आला. ‘यशस्वी’ असे त्याने खातरजमा न करता लिहिले, असे म्हटले गेले. त्याने खातरजमा केली होती. आपल्या सॉफ्टवेअरला विचारले होते आणि सॉफ्टवेअरने हो म्हटले होते. मी त्याच्यासोबत पाच वर्षे काम केले आहे आणि एखादी गोष्ट न पाहता ‘झाले’ म्हणणारा तो माणूस नाही. तेव्हा आपल्या सेटअपचा ० हा इन्स्टॉल पूर्ण झाल्याचा निदर्शक नव्हता, एवढे एक वाक्य आपल्या लेटरहेडवर लिहून द्यावे. ते मी आमच्या वरिष्ठांपुढे ठेवणार आहे.

उत्तर १५ दिवसांत मिळावे. सोबत दोन्ही प्रोसेसच्या वेळांची नोंद, वापरलेली कॉन्फिग फाइल, तीन अडकलेल्या सर्व्हरचे लॉग आणि हाताने चालवताना उघडलेल्या खिडकीचे चित्र जोडले आहे. लॉगमधला पासवर्ड या वेळी आम्ही स्वतः झाकला आहे.

आपला विश्वासू,
(सही)
प्रमुख, सर्व्हर व्यवस्था