प्रश्नावली तपासणी बैठकीबाबत सूचना

सोलापुरातील आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वार्धक्यविषयक संशोधनाची प्रश्नावली अंतिम होण्यापूर्वी ती तपासण्यासाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता संघाच्या कार्यालयात बैठक होईल. आपण नुसती उत्तरे देण्यासाठी जमत नाही, "निवृत्त कधी झालात?" हा प्रश्न सत्तरीतही घरी बिड्या वळणाऱ्या भगिनीला कसा लागू पडणार, हे आपल्यालाच सांगावे लागेल. तेलुगू भाषक सभासदांनीही निःसंकोच बोलावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभाग ऐच्छिक असून संमती केव्हाही मागे घेता येते, त्यामुळे संमतिपत्र पूर्ण वाचल्याशिवाय किंवा वाचून घेतल्याशिवाय सही अथवा अंगठा करू नये. चष्मा आठवणीने आणावा.