एका रबरी सीलसाठी पूर्ण पंप का घ्यायचा?

संपादक महोदय,

इथेनॉलमिश्रित पेट्रोलने गाड्यांचे भाग खराब होतात अशी ओरड झाली, तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला होता. काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर थोडे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, पण ते स्वस्त असतात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलून होतात, असे त्यात म्हटले होते. रबराचा भाव पाहिला तर ते खरेच आहे. पण पुण्यात सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत, काउंटरवर आपल्या दुचाकीचे मॉडेल सांगून तेवढेच रबर मागून बघा. ते सुटे मिळेलच असे नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाड्यांचे अजून बरे चालले आहे. फ्लोटच्या वाटीची ओ-रिंग, नीडल, पेट्रोलच्या कॉकचे पॅकिंग, पेट्रोलचा पाइप हे सगळे सुटे किंवा किटमध्ये मिळते. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारे इंजेक्शन बसले आणि पेट्रोलचा पंप टाकीत गेला. त्या एका जोडणीत मोटर, प्रेशर रेग्युलेटर, फिल्टर, पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट आणि टाकीला बसणारे रबरी सील असते. बिघाड बहुधा यातल्या एकाच गोष्टीत असतो. टाकीत पाणी आणि गंज जमून फिल्टर चोंदतो, किंवा पंप एकदा बाहेर काढला की पेट्रोलने फुगलेले सील परत खाचेत बसत नाही. ते रात्रभर वाळू दिले तर कधी आक्रसते, पण त्याच्यावर विसंबून टाकी बंद करू नये. तिथून गळणारे पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडते. मग ग्राहकाला नवीन सील हवे असते आणि पार्ट नंबर मात्र अख्ख्या पंपाचा निघतो. काही रुपयांच्या कामाला काही हजारांचे बिल होते ते असे.

बाकीची उदाहरणे रोजचीच आहेत. हॉर्नचे बटण गेले तर पूर्ण स्विच घ्या. टेललाइटचा एक एलईडी गेला तर पूर्ण दिवा घ्या. इंडिकेटरची काच फुटली तरी तीच गत. दोन्ही किल्ल्या हरवल्या की इग्निशन, टाकीचे झाकण आणि सीट यांचा लॉकसेट घ्यावा लागतो. म्हणून एक किल्ली हातात असतानाच दुसरी करून ठेवावी. साइड पॅनेल ज्या रबरी बुचात बसते ते कडक झाले की पॅनेल खडखडते आणि खड्ड्यांवर त्याची खुंटी तुटते. बुच बदलायचे राहिले म्हणून पॅनेल घ्यावे लागते, आणि वर रंग जुळत नाही तो नाहीच.

इंजिन ऑइल काढायच्या बोल्टखालचा वायसर याहून छोटा. तो मऊ धातूचा असतो, बोल्ट आवळला की दबून सील धरतो आणि म्हणून दर ऑइलबदलाला नवा घालायचा असतो. तो सुटा ठेवलेला नसतो, म्हणून जुनाच परत घातला जातो. थेंब पडू लागला की कोणीतरी पाना आणखी अर्धा फेरा फिरवतो. इंजिनाची केस (बाहेरचे कवच) ॲल्युमिनियमची, बोल्ट लोखंडी. आटे केसचेच जातात. मग ऑइल काढून, कधी इंजिन उतरवून, लेथवाल्याकडे हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवावी लागते. तांब्याचा वायसर असेल तर एक उपाय आहे. गॅसवर लालबुंद तापवून पाण्यात टाकला की तो पुन्हा मऊ होतो आणि चालतो. दोन पत्री थरांचा चिरडला जाणारा वायसर मात्र एकदाच चालतो. बोल्ट किती आवळायचा हे मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. अंदाजाने आवळू नये.

काही भाग महाग पडतात ते केवळ त्यांचे माप झाकलेले असते म्हणून. चाकाचे बेअरिंग हे त्यातले ठळक. कंपनीच्या पुडीवर लांबलचक पार्ट नंबर असतो, पण बेअरिंगच्या अंगावर कोरलेले असते 6202 किंवा 6301. 6202 म्हणजे आतला व्यास 15, बाहेरचा 35 आणि रुंदी 11 मिलिमीटर. 6301 म्हणजे 12, 37 आणि 12. हे आकडे जगभर सारखेच. नामांकित बेअरिंग कंपनीचा तोच नंबर बेअरिंगच्या दुकानातून आणला तर गाडीला काही फरक पडत नाही. नंबरानंतरची अक्षरे तेवढी बघून घ्यावीत. दोन्ही बाजूंना रबर असलेले 2आरएस पुण्याच्या पावसाळ्याला बरे, नुसत्या पत्र्याच्या झाकणाच्या झेडझेडमध्ये चिखलपाणी लवकर शिरते. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते.

पण माप जुळले म्हणून कोणतेही रबर चालत नाही. पेट्रोल-ऑइलजवळ नायट्राइल रबर चालते, डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये ईपीडीएम लागते. दोन्ही काळीच, हातात घेऊन फरक कळत नाही. ब्रेक फ्लुइडमध्ये नायट्राइल फुगते, पिस्टन अडकतो आणि ब्रेक धरून राहतो. ईपीडीएम पेट्रोलजवळ घातली तर तीही फुगून निकामी होते. ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. लायनर, पॅड, सील कंपनीचेच किंवा नावाजलेल्या उत्पादकाचेच घ्यावेत. जुन्या बाजारातून पॅनेल आणा, इंडिकेटर आणा, ब्रेकची वस्तू आणू नका. मजुरी जिथे मोठी आहे तिथेही स्वस्त माल अंगाशी येतो. पुढच्या शॉकअपचे सील बदलायला चाक आणि पाइप उतरवावे लागतात. सील लोकल निघाले तर तेवढीच मजुरी पुन्हा. पाइपवर गंजाचे खड्डे असतील तर मात्र महागडे सीलही कापले जाते, आधी पाइप बघावा.

कंपन्यांची बाजूही आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पाच रुपयांच्या वायसरलाही पुडी, बारकोड, गोदाम आणि वाहतूक लागतेच. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र विकतात तेही योग्य आहे, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की ती लवकर ओढली जाते. पण चेन-स्प्रॉकेटला लागू पडणारे कारण टेललाइटला किंवा पंपाच्या सीलला लागू पडत नाही. शिवाय ज्या शहराच्या कडेला, भोसरी-चाकणला, असे रबरी आणि धातूचे भाग रोज बनतात, तिथल्या गॅरेजला ते सुटे मिळू नयेत हे विचित्रच म्हणायचे.

सुटे भाग खुल्या बाजारात न मिळण्यावरून स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना दंड केला होता. ते प्रकरण चारचाकींचे होते. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहने हे एक क्षेत्र आहे. तिथे दुचाकी कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलच्या भागांची सुटी आकृती, पार्ट नंबर, छापील किंमत आणि प्रमाणित भागांची मापे टाकावीत, आणि ज्या जोडणीत झिजणारे रबर किंवा फिल्टर आहे तिथे तो भाग वेगळ्या नंबराने विकावा, एवढी आमची मागणी आहे. यात कोणतेही गुपित उघडे पडत नाही. बेअरिंगचा नंबर तर बेअरिंगवरच लिहिलेला आहे.

तोवर ग्राहकांनी दोन गोष्टी तपासाव्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून दुचाकीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मूळ दर तोच राहिला असेल तर 128 रुपयांची वस्तू 118 ला मिळायला हवी. पुडी त्याआधीची असेल तर जुनी छापील किंमत हा पुरावा मानू नये, बिलावरचा कराचा दर बघावा. दुसरे, पुडीवर नगांची संख्या छापलेली असते. दहा वायसरच्या पुडीतला एक हातावर ठेवून पुडीची किंमत लावणे हा सरळ वजन-मापाच्या कायद्याचा भंग आहे. पुडी मागून घ्या, बिल घ्या, आणि दुकानदार ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

– दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील काही कारागीर, पुणे