मा. आरोग्यमंत्री साहेब, वॉर्ड आणि घर यांच्या मधली पायरी कुठे आहे?

साहेब नमस्कार,

मी देवगड तालुक्यातली अंगणवाडी सेविका, एकोणीस वर्षं झाली या कामाला. दर महिन्याला गावातल्या पोरांची वजनं-उंच्या मीच घेते, कोण सॅममध्ये (तीव्र कुपोषण) गेलं कोण मॅममध्ये (मध्यम कुपोषण) ते सगळं मोबाईलवर भरते. आणि माझी स्वतःची मुलगी अकरावीत असताना माझ्या डोळ्यासमोर वाळत गेली ते मला कळलं नाही. आधी भात सोडला, मग संकष्टीचा उपास, मग सोमवार, मग गुरुवार, घरात सगळ्यांना कौतुक की पोर किती देवाधर्माची आहे. कॉलेजात चक्कर येऊन पडली तेव्हा नाडी इतकी मंद लागली की तिथून थेट मुंबईच गाठली. ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणं सोडायचा मानसिक आजार, हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. (तिचं वजन मुद्दाम लिहीत नाही, हा आजार असलेली पोरं असे आकडे वाचून स्वतःशी तुलना करत बसतात.)

मुंबईत सात आठवडे काढले. तिथल्या डॉक्टरांनी पोर वाचवली, हे मी कधी विसरणार नाही. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं आणि हृदयावर बेततं, म्हणून सारखं रक्त तपासायचे, ईसीजी काढायचे, थोडं थोडं वाढवत दिवसातून सहा वेळा खाणं, समोर सिस्टर बसलेली, जेवल्यावर तासभर एकटीला बाथरूमला सोडायचं नाही, वजन काट्याच्या आकड्याकडे पाठ करून. आणि पन्नासाव्या दिवशी डिस्चार्ज. हातात फाईल आणि महिन्याने दाखवायला या, एवढंच.

तुतारी एक्सप्रेसने कणकवलीला उतरलो, पुढे एसटी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उकड्या तांदळाची पेज केली, वर चमचाभर तूप सोडलं. ते तूप पेजेवर पसरत गेलं आणि ती नुसती बघत बसली, पेज निवून वर साय धरली तरी चमचा उचलला नाही. वॉर्डात चोवीस तास चार माणसं जे करत होती ते आता मी एकटीने करायचं होतं आणि कसं करायचं हे मला कोणी धड शिकवलंच नव्हतं.

वजनाला जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं. सिस्टरनी मायेनेच, पण सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "वजन वाढला गे बाय तुझा, आता कशी बरी दिसतंस!" पुढचे दोन दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. सिस्टरचा दोष नाही साहेब, त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. मग गणपती आले, घर चाकरमान्यांनी भरलं आणि जो येईल तो तिच्या अंगावर बोलायचा, कोण म्हणे किती गे बारीक झालंस, कोण म्हणे फिगर छान झाली. मोदकाच्या ताटावरून उठून गेली ती पोर.

हॉस्पिटलमधून एकदम घरी न पाठवता पायरीपायरीने खाली आणायचं याला स्टेप-डाऊन केअर म्हणतात. आधी दिवसभराचं डे केअर, तिथे सगळ्यांबरोबर बसून जेवायचं आणि रात्री घरी यायचं, मग आठवड्यातून तीन दिवस, मग एक दिवस. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात एक पद्धत तयार झाली, त्यात आईवडिलांनाच ताट कसं सांभाळायचं ते शिकवतात आणि पोर सावरेल तसं खाण्याचं तिच्या हातात परत देतात. हा आजार मानसिक आजारांमध्ये सगळ्यात जीवघेण्या आजारांपैकी एक, आणि घरी आल्यावरचं पहिलं वर्ष फार धोक्याचं असतं. नेमकं त्याच वर्षात आम्हाला वाऱ्यावर सोडलं जातं.

आणि साहेब, हे सरकारला जमत नाही असं मी तरी म्हणणार नाही कारण लहान पोरांसाठी हेच काम मी रोज करते! दोन वर्षांचं पोर सॅममध्ये जाऊन आजारी पडलं तर पोषण पुनर्वसन केंद्रात जातं, आईला तिथे शिकवतात, सुट्टी झाल्यावर फॉलोअपला बोलावतात, गावात ग्राम बाल विकास केंद्र आहे, आशाताई आणि मी घरी जाऊन बघतो. सतराव्या वर्षी तीच उपासमार झाली तर यातलं काहीच का नाही?

मोठी बिल्डिंग मागत नाहीये. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे आठवड्यातून तीन दिवस डे केअर सुरू करा, एक डाएटिशियन, एक समुपदेशक आणि सोबत जेवायला एक टेबल. आमच्या उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात ठरल्या दिवशी वजन, नाडी, बीपी, पोटॅशियम-फॉस्फेट बघा आणि मुंबईच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून द्या. सिस्टर आणि आशाताईंना एका दिवसाचं ट्रेनिंग द्या. मानसिक आरोग्याचा सरकारी हेल्पलाईन नंबर १४४१६ आहे, रात्रीही चालू असतो, पण फोनवरून वजन होत नाही. दर खेपेला मुंबई म्हणजे दोन रात्रींचा प्रवास, आणि माझं मानधन किती ते तुम्हाला माहीतच आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ९८ आहे, डिस्चार्ज देताना पेशंट, घरचे आणि पुढे बघणारे डॉक्टर यांच्याशी बोलून पुढच्या उपचारांचा प्लॅन करायचा. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी त्या दिवशी फाईल घेऊन निघालेच नसते. तो प्लॅन लेखी आणि मराठीत मिळाल्याशिवाय पेशंटला सोडू नका असा जीआर काढा.

येत्या गुरुवारी परत वजन आहे. त्याच सिस्टर, त्यांना आता मी सगळं समजावलंय. पोर पाठ करून काट्यावर उभी राहते, त्या आकडा वहीत लिहून वही मिटतात आणि तिला फक्त विचारतात, "जेवलंस मां?"

आपली,
एक आई आणि अंगणवाडी सेविका
देवगड तालुका, सिंधुदुर्ग