चित्रकारांची पुस्तकं घरी न्यायला द्या की

मा. संपादक,
नमस्कार.

मला चित्र काढता येत नाही हे आधीच सांगते. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला हात लावते तेवढीच काय ती माझी कला. तरी पण गेली काही वर्षं मी चित्रकारांवरची पुस्तकं वेड्यासारखी वाचतेय आणि घरी सगळे विचारतात, ह्यातलं तुला काय कळतं? कळत नाही म्हणूनच तर वाचते ना! आपल्याला उगाच वाटतं की चित्रकार म्हणजे मूड आला की ब्रश उचलायचा आणि नाही आला की चहा प्यायचा, पण वाचायला लागलं की कळतं ती केवढी मेहनत आहे. व्हॅन गॉगची भावाला लिहिलेली पत्रं घ्या, सहाशेच्या वर आहेत, त्यात एकीकडे पैसे पाठव, रंगाच्या ट्यूब संपल्या म्हणून हिशोब चाललाय आणि लगेच पुढे शेताचा पिवळा कसा आणि आकाशाचा निळा कसा ते असं लिहिलंय की आपण खिडकीतून बाहेर बघायला लागतो. आपले गायतोंडे, मूळ गोव्यातले, वर्षाला अगदी मोजकी चित्रं करायचे. बाकीचा वेळ विचार. आणि रंग लावायला ब्रशपेक्षा रोलर, पॅलेट नाइफ, कागदाचे फाडलेले तुकडे, असलं सगळं. हे वाचलं नसतं तर त्यांचं चित्र बघून मी 'नुसता रंग तर फासलाय' म्हणून पुढे गेले असते, खोटं कशाला बोलू.

मराठीत चित्रकार प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' आहे, ते तर मी दोन पानं वाचते आणि बाजूला ठेवते, कारण तो माणूस घड्याळ, झाडाचं पान असल्या साध्या वस्तूंकडे इतकं टक लावून बघतो की आपल्याच भिंतीवरचं घड्याळ वेगळं दिसायला लागतं.

आता पत्र लिहायचं कारण. मी जाते त्या वाचनालयात ही पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलीत. का, तर महाग आहेत, तिथेच बसून वाचा. अहो, नोकरीवाल्या माणसाने ऑफिस सुटल्यावर अर्ध्या तासात काय वाचायचं? ठेव म्हणून जास्त पैसे घ्या पाहिजे तर, पण घरी द्या. कादंबऱ्या नेतात लोक, त्यातली पानं पण फाटतात, मग चित्रांच्या पुस्तकांनीच काय घोडं मारलंय?

दुसरं म्हणजे आपल्या गोव्याच्या चित्रकारांवर मराठीत वाचायला फार कमी मिळतं. दीनानाथ दलाल मडगावचे. 'दीपावली' अंक आणि पुस्तकांच्या कव्हरमुळे मराठी घरात ते माहीत आहेत, पण ते गोव्यात जन्मले हे आमच्या कॉलेजातल्या मुलांना माहीत नाही. साळगावच्या एफ. एन. सूझाला लहानपणी देवी आल्या, आईने गोंयच्या सायबाला, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरला, नवस केला आणि त्याच्या नावात फ्रान्सिस आलं, हे मला इंग्रजीत डिक्शनरी घेऊन वाचावं लागलं. सांग्याचे त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. आर्ट स्कूलमध्ये शिकवायचे, त्यांची चित्रं पणजीत फोंतेन्यशला फुंदासांव ओरिएंत ह्या पोर्तुगीज संस्थेत आहेत, म्हणजे पुस्तक वाचून उठलं की कदंबा बस पकडून मूळ चित्रासमोर जाऊन उभं राहता येतं. मुंबई-पुण्याच्या वाचकालाही हे सुख सहज मिळत नाही, आणि आपण मात्र तिथून रोज स्कूटर मारत जातो.

जे मराठीत मिळतं त्यातही चित्रं बऱ्याचदा काळी-पांढरी. लेखक बिचारा पानभर पिवळ्या रंगाचं कौतुक करतो आणि समोर राखाडी फोटो. मग मी एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून बसते.

तर संपादकसाहेब, तुमच्या रविवार पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एका गोमंतकीय चित्रकारावर लिहून घ्या. कोणी काय बक्षीस मिळवलं ती यादी नको, तो काम कसं करायचा ते लिहा, कुठला कागद, कुठले रंग, कोणाशी भांडला, पैसे कसे मिळवले. माझं मत विचाराल तर सुरुवात आंजेलो दा फोन्सेकापासून करा. सांतइस्तेव्हचा माणूस, डॉक्टरकीचं शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळला, शांतिनिकेतनात शिकला आणि चित्रात येशूच्या आईला, मारियेला, साडी नेसवली म्हणून आपल्याच लोकांची बोलणी खाल्ली, शेवटी बराच काळ पुण्यात राहिला आणि 1967 मध्ये तिथेच गेला. त्याची पुष्कळ चित्रं पर्वरीला झेवियर सेंटर ह्या इतिहास संशोधन संस्थेकडे आहेत, तुमच्या फोटोग्राफरला लांब जायला नको. फक्त चित्र रंगीत आणि मोठं छापा, त्या दिवशी एक जाहिरात कमी घेतलीत तरी चालेल.

आपली,
एक वाचक, फोंडा